चीनची बादशाही कशी बुडाली

मंडळी, चीन हा आपला शेजारी देश. मधे हिमालय उभा आहे, म्हणून फारशी जाणे-येणे नाही, एवढेच. या देशावर दोन हजार वर्षांहून अधिक काळ बादशहांनी राज्य केले. घराणी बदलत, पण बादशाही कायम राही. बादशहाला लोक ‘स्वर्गाचा पुत्र’ म्हणत. पूर आला, दुष्काळ पडला, की म्हणत, राजाचे पुण्य सरले. अशी ही जुनी बादशाही अवघ्या चार महिन्यांत गेली. ती कशी गेली, आणि ती गेल्यावर नांगर धरणाऱ्या माणसाच्या पदरात काय पडले, ते आपण पाहू.

शेवटचे घराणे मांचूंचे. हे लोक चीनच्या ईशान्येकडचे. १६४४ साली त्यांनी पेकिंग शहर घेतले. चिनी लोक कोट्यवधी, मांचू मूठभर. आपल्याला कोण मानतो नि कोण मानत नाही, हे ओळखायचे कसे? मांचूंनी हुकूम सोडला. प्रत्येक चिनी पुरुषाने डोक्याचा पुढचा भाग तासावा आणि मागे लांब वेणी ठेवावी. जो ऐकणार नाही त्याचे डोके उडेल. आपल्याकडे शेंडी ठेवीत ती धर्म म्हणून. ही वेणी धाकाची होती, बरं का. अडीचशे वर्षांहून अधिक काळ ती लोकांच्या पाठीवर लोंबत राहिली. मग नातवंडांना वाटू लागले, की हीच आपली जुनी रीत!

पुढे इंग्रज व्यापारी आले. चीनचा चहा त्यांना हवा, आणि बदल्यात त्यांनी दिली अफू. ही अफू आपल्याच देशात पिके. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. चीनच्या अधिकाऱ्याने १८३९ साली अफूच्या पेट्या नष्ट केल्या, तर इंग्रजांनी लढाई पुकारली. चीन हरला. हाँगकाँग बेट गेले. मग एकामागून एक तडाखे बसले. १८९५ साली लहानशा जपाननेही चीनला हरवले. १९०० साली परदेशी लोकांविरुद्ध बंड उठले, आणि दरबाराने बंडवाल्यांची बाजू घेतली. तेव्हा आठ देशांच्या फौजा पेकिंगात शिरल्या. त्यांनी दंड ठोकला पंचेचाळीस कोटी ताएल चांदी. एक ताएल म्हणजे तीन तोळ्यांहून थोडी अधिक. हा दंड व्याजासकट एकोणचाळीस वर्षांत फेडायचा. आता तो राजवाड्यातून थोडाच निघणार? तो रयतेच्या करांवर चढला.

१९०८ साली बादशहा वारला. दुसऱ्याच दिवशी खरी सत्ता चालवणारी म्हातारी राणी त्सू-शी वारली. गादीवर बसवला पुयी नावाचा मुलगा. त्याला अजून तीन वर्षे पुरी व्हायची होती. सिंहासनावर तो रडू लागला, घरी जायचे म्हणू लागला. शेजारी बसलेला बाप समजूत घालू लागला, “रडू नको, आता संपतंच आहे.” दरबारी लोकांचे चेहरे उतरले. अपशकुन झाला म्हणाले.

शकुनाचे सोडा. ठिणगी पडली ती रेल्वेवरून. सेचुआन प्रांतातल्या लोकांनी आपली रेल्वे आपण बांधू म्हणून धान्यावर पट्टी बसवून पैसा जमवला होता. १९११ साली सरकारने ती रेल्वे आपल्याकडे घेतली, आणि बांधायला परदेशी सावकारांचे कर्ज काढले. लोकांचा सगळा पैसाही परत देईना. दुकाने बंद झाली, शाळा बंद झाल्या, गोळीबार झाला. ते बंड मोडायला सरकारने शेजारच्या प्रांतातली पलटण तिकडे हलवली.

आणि नेमके तिथेच फावले. त्या शेजारच्या प्रांतात यांगत्से नदीकाठी वूचांग शहर आहे. तिथल्या शिपायांत क्रांतिकारकांची गुप्त मंडळे होती. ९ ऑक्टोबर १९११ रोजी नदीपलीकडे हान्को इथे त्यांचा एक बॉम्ब बनवतानाच फुटला. पोलिसांनी घर झडले, तर सभासदांच्या नावांची यादीच हाती लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांची डोकी उडाली. बाकीच्या शिपायांना कळून चुकले, की आता गप्प बसलो तरी मरण आहे. त्याच रात्री त्यांनी दारूगोळ्याचे कोठार घेतले. सुभेदार पळून गेला. बंडवाल्यांना पुढारीसुद्धा नव्हता. ली युआनहुंग नावाच्या एका अधिकाऱ्याला त्यांनी बळेच पुढे केले. क्रांतीचे खरे नेते डॉ. सन यत्-सेन तेव्हा अमेरिकेत होते. त्यांना ही बातमी वर्तमानपत्रातून कळली.

मग प्रांतामागून प्रांत फुटले. १ जानेवारी १९१२ रोजी सन यत्-सेन अध्यक्ष झाले. पण मोठी फौज होती युआन शिकाई या सेनापतीच्या हाती. त्याने दोन्हीकडे सौदा केला. १२ फेब्रुवारीला लहानग्या पुयीच्या नावाने राज्य सोडल्याचे फर्मान निघाले. सन यत्-सेन बाजूला झाले आणि युआन अध्यक्ष झाला.

शहरांच्या वेशींवर शिपाई कात्र्या घेऊन उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याची वेणी कापू लागले. कित्येक शेतकरी रडले. काहींनी वेणी टोपीखाली दडवली. न जाणो, बादशहा परत आला तर? लोक त्यांना हसत. पण १९१७ साली एका सरदाराने पुयीला खरोखरच बारा दिवस पुन्हा गादीवर बसवले! तेव्हा पेकिंगात नाटकाचे कपडे विकणाऱ्यांकडे घोड्याच्या केसांच्या खोट्या वेण्यांना गिऱ्हाईक आले.

वेणी गेली, पण खंड आणि सारा होता तिथेच राहिला. युआनला स्वतःच बादशहा व्हायचे होते. त्र्याऐंशी दिवस तो झालाही. लोक उठले तेव्हा त्याने नाद सोडला, आणि १९१६ साली मेला. मग प्रत्येक प्रांतात एकेक फौजवाला सरदार मालक बनला. त्यांची मुलूखगिरी सुरू झाली. एक सरदार सारा घेऊन जाई, दुसरा येऊन पुन्हा मागे. सेचुआनात तर पुढच्या कित्येक वर्षांचा सारा आगाऊ घेतला. जे पीक पेरलेलेही नाही, त्याचा कर!

या धामधुमीतले एक काम आम्हांला फार मोलाचे वाटते. पहिल्या महायुद्धात लाखावर चिनी मजूर फ्रान्सला गेले होते. यान यांगचू हा तरुण तिथे त्यांची पत्रे लिहून देई. लिहून देता देता त्याने त्यांना शिकवायलाच घेतले. चिनी लिपीत बाराखडी नाही, शब्दाशब्दाची खूण वेगळी. म्हणून निवडक हजार खुणांचे पुस्तक झाले. देशात परतल्यावर यानने ते खेड्यापाड्यांतून चालवले.

पण पोट भरत नव्हते. १९२१ साली कम्युनिस्ट पक्ष निघाला. १९२७ साली चँग कै-शेकने त्याच्यावर तलवार चालवली. तेव्हा माओ त्से-तुंग आणि त्याचे सोबती खेड्यांत शिरले आणि कुळांना सांगू लागले, जमीन तुमची. वर जपानची स्वारी आली. शेवटी १९४९ साली कम्युनिस्ट जिंकले. त्यांनी सुमारे तीस कोटी शेतकऱ्यांना जमीन वाटली. जमीनदारांना भरसभेत ओढले, त्यांतले लाखो मारले. आणि १९५८ पर्यंत तीच जमीन, बैल, अवजारे, सारे सामुदायिक शेतीत ओढून घेतले. सरकारी कोठारांत धान्य जात राहिले, आणि १९५९ ते १९६१ या दुष्काळात कोट्यवधी खेडूत उपाशी मेले.

१९७८ साली आन्हुई प्रांतातल्या श्याओगांग गावी अठरा शेतकऱ्यांनी रात्री गुपचूप एक कागद केला. जमीन घराघराने वाटून कसायची, सरकारचा वाटा भरायचा, उरेल ते आपले. पकडले गेलो तर एकमेकांची पोरे सांभाळायची. काहींनी शिक्के उठवले, काहींनी अंगठे. पुढे सरकारने ही रीत देशभर चालू दिली. मालकी मात्र अजूनही गावाच्या नावावर आहे. शेतकऱ्याकडे आहे तो कसण्याचा करार.