माळ्यावरील तालीम

ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें व पुष्कळ घरांचीं छपरें उडालीं. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं कर्ज काढून नवें छप्पर घातलें. पुढें मुलानें माळ्यावर वजनें नेऊन घरची तालीम मांडिली. तो उड्या मारूं लागला कीं खालीं आजीच्या फडताळांतील कपबश्या वाजूं लागत. “माळा पडेल काय?” असें वडिलांनीं आम्हांस विचारलें.

विद्यार्थिमित्रहो, येथें दोन गुण निरनिराळे पाहिले पाहिजेत. बळकट तुळई मोडत नाहीं. ताठर तुळई फार लवत नाहीं. एक गुण असला म्हणजे दुसरा असतोच असें नाहीं.

फूटपट्टीचीं दोन्ही टोकें पुस्तकांवर टेकवून मध्यें बोटानें दाबा. आडवी पट्टी सहज लवते. तीच उभ्या कडेवर धरिली तर जवळजवळ लवतच नाहीं. तुळईची रुंदी दुप्पट केल्यास ताठरपणा दुप्पट होतो. उंची दुप्पट केल्यास आठपट होतो. उलट, लांबी दुप्पट झाली तर मध्यावरच्या त्याच भारानें ती आठपट लवते.

छपराच्या कैचीचा खालचा आडवा दांडा मुख्यतः वासे बाहेर फांकूं नयेत म्हणून असतो. तो ताण सोसतो. तेवढ्यानें तो जमिनीचा भार घेण्यास योग्य ठरत नाहीं. शिवाय खोलीस जागा व्हावी म्हणून कैचीचे मधले तिरपे दांडे कापले, तर त्रिकोण मोडतो आणि ताठरपणाही जातो.

भारतीय मानकांत राहत्या खोलीस दर चौरस मीटरास सुमारें २०० किलो भार धरितात; बसावयाच्या जागा पक्क्या न केलेल्या सभागृहास ५००. त्यांत उडीचा भार अकस्मात् येतो, आणि असा भार सावकाश ठेविलेल्या भाराच्या निदान दुप्पट लववितो. झोपाळ्यास वेळेवर दिलेले लहान झोके जसे साठत जातात, तशीं तालबद्ध पावलेंही जमीन हालवितात. इ. स. २०११ मध्यें सोल शहरांतील ३९ मजली इमारत हादरली, तेव्हां तज्ज्ञांनीं त्याचें कारण आंतील व्यायामशाळेंतील तालबद्ध कवायत हेंच सांगितलें.

म्हणून आम्ही त्या गृहस्थांस सांगितलें: कपबश्या वाजल्या म्हणजे माळा पडतोच असें नाहीं, परंतु ती सूचना आहे. जाणत्या इंजिनियरास दाखवा. तो सांगेल त्याप्रमाणें जास्त उंचीच्या तुळया घाला, किंवा मध्यें खांब देऊन गाळा लहान करा. कैचीचा एकही दांडा कापूं नका. तोंवर मुलानें वजनें खालीं आणावीं आणि अंगणांत व्यायाम करावा. शरीर कमावणें चांगलेंच. परंतु ज्या घराच्या आधारानें तें कमवावयाचें, त्याचीही शक्ति आधीं मोजावी.