श्वित्र : रुग्णांची परस्परसंभाषा आणि वैद्याची जबाबदारी

श्वित्राच्या चिकित्सेविषयी आपल्या सभांतून व नियतकालिकांतून पुष्कळ चर्चा होत असते. बावची कोणत्या स्वरूपात द्यावी, शोधन किती वेळा करावे, लेप कोणता लावावा, यांवर मतभेद आहेत आणि ते राहणारच. परंतु श्वित्राचा रुग्ण वैद्याकडे येण्यापूर्वी आणि वैद्याकडून परत गेल्यावर ज्यांच्याशी बोलतो, त्या दुसऱ्या श्वित्ररुग्णांचा विचार आपण क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात तेवढाच विषय घ्यावयाचा आहे. समान व्याधी असलेल्यांनी एकमेकांचा आधार व सल्ला घेणे कितपत हितकर आहे, त्यात धोका नेमका कोठे आहे आणि अशा वेळी वैद्याने व औषधविक्रेत्याने काय करावे, हे पाहू.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व प्रत्याख्येय असे व्याधींचे भेद सांगितले. त्यांपैकी याप्य व्याधी समजावण्यासाठी सुश्रुताचार्यांनी पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूचा दृष्टांत दिला आहे. टेकू आहे तोवर घर उभे आहे. सर्वच श्वित्र याप्य नसते. नवे, थोडे, ज्यावरील केस पांढरे झालेले नाहीत असे श्वित्र बरे होते. पण बरे होणाऱ्या श्वित्रालाही महिने लागतात आणि न होणाऱ्याची सोबत आयुष्यभराची असते. एवढा दीर्घ काळ केवळ पंधरा दिवसांतून एकदा होणाऱ्या दहा मिनिटांच्या भेटीवर कोणी धीर धरून राहील, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही.

शिवाय या व्याधीत पीडेचे स्थान निराळे आहे. डाग दुखत नाही, बहुधा खाजत नाही, स्रवत नाही. संसर्गाने तो कोणाला होत नाही. जगातील लोकसंख्येपैकी सुमारे अर्धा ते दोन टक्के लोकांना तो असतो, म्हणजे दुर्मीळही नाही. तरीही कोड असलेली मुलगी उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे कपडे घालते, नात्यातील लग्नकार्ये टाळते आणि घरातील धाकट्या बहिणीचे लग्न ठरेपर्यंत तिला पाहुण्यांसमोर येऊ दिले जात नाही. सावळ्या कातडीवर डाग अधिक उठून दिसतो, त्यामुळे आपल्याकडे हा त्रास गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा तीव्र आहे. दुखण्याचे मूळ त्वचेत असले तरी त्याचे शूल लोकांच्या नजरेत आहे, आणि त्या शूलावर आपल्या औषधपेटीत काही नाही.

येथे एक गोष्ट थोडी विषयांतर करून सांगितली पाहिजे. काही वैद्य अद्यापि चिठ्ठीवर ‘श्वेतकुष्ठ’ असा शब्द लिहितात. संहितेत श्वित्राचे वर्णन कुष्ठाच्या अधिकारात आले आहे हे खरे. परंतु सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात कुष्ठ व किलास यांतील भेदही तेथेच सांगून ठेवला आहे, की किलास त्वचेपुरतेच असते आणि त्यातून स्राव होत नाही. संहितेतील ‘कुष्ठ’ हा त्वग्विकारांचा व्यापक वर्ग आहे. आज मात्र सामान्य माणूस ‘कुष्ठ’ म्हणजे महारोग असाच अर्थ घेतो. महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या विवाहविषयक कायद्यांत २०१९ सालापर्यंत होते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ते काढले गेले. कोड हे असे कारण कधीच नव्हते. पण ‘श्वेतकुष्ठ’ लिहिलेली चिठ्ठी सासरच्या माणसांच्या हाती पडली, तर हा भेद त्यांना कोण समजावणार? ‘श्वित्र’ किंवा सरळ ‘कोड’ असे लिहावे. शास्त्राचे त्यात काही उणे होत नाही.

रुग्णाच्या अंगी असावयाच्या चार गुणांत चरकाचार्यांनी स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व ही गणना केली आहे. यांतील शेवटचे दोन गुण श्वित्राच्या रुग्णात सर्वांत कमी आढळतात. भीती त्याला व्यापून असते, आणि व्याधी सांगण्याऐवजी झाकण्याची सवय त्याला लागलेली असते. पहिला डाग कधी दिसला, हे विचारले तर तो आईकडे पाहतो. गुह्यभागी डाग आहे काय, याचे उत्तर तिसऱ्या भेटीत मिळते. असा रुग्ण दुसऱ्या श्वित्ररुग्णांत जाऊन बसला की थोड्याच काळात त्याच्या बोलण्यात फरक पडतो. ज्याचे जळते त्यालाच कळते, आणि ज्याला कळते त्याच्यापुढे झाकण्यासारखे काही उरत नाही. बाह्या वर होतात. पुढच्या भेटीत तो वैद्यालाही अधिक नीट सांगतो. अभीरुत्व व ज्ञापकत्व हे गुण वैद्याच्या उपदेशाने येत नाहीत. ते सहवासाने येतात.

याला शास्त्रात आधार नाही असे कोणी म्हणू नये. विषादाला रोग वाढविणाऱ्या भावांत अग्रस्थान दिलेले आहे. सत्त्वावजय ही तीन चिकित्साप्रकारांपैकी एक स्वतंत्र चिकित्सा मानलेली आहे. उपकल्पनीय अध्यायात रुग्णासाठी जे घर सिद्ध करावयास सांगितले आहे, त्यात औषधे व उपकरणे यांच्याबरोबरच गाणारी, कथा सांगणारी, मन जाणणारी माणसेही सांगितली आहेत. आणि विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील तद्विद्यसंभाषा तर आपण सर्वजण जाणतो. समान विद्या असलेल्यांनी एकत्र बसून मोकळेपणाने बोलावे, त्याने संशय फिटतो, ज्ञान वाढते. ती संभाषा वैद्यांसाठी सांगितली आहे. पण वीस वर्षे कोड अंगावर वागविणाऱ्या माणसाजवळही एक विद्या असते. ती औषधाची नव्हे. नोकरीच्या मुलाखतीत हाताकडे पाहणाऱ्याला काय उत्तर द्यावे, शाळेत मुलाला कोणी शेजारी बसू दिले नाही तर शिक्षकांशी कसे बोलावे, लग्नाच्या बोलण्यात ही गोष्ट कोणत्या टप्प्यावर व कोणत्या शब्दांत सांगावी, डाग झाकणारे प्रसाधन घामाने उतरू नये म्हणून काय करावे, ही विद्या आम्हां वैद्यांजवळ नाही.

आधुनिक वैद्यकातही या मार्गाचा आरंभ औषध हाती नसताना झाला. १९०५ साली बॉस्टन येथे डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरुग्णांचा एक वर्ग सुरू केला. विश्रांती, मोकळी हवा व आहार यांचे नियम एकेकाला शिकविण्यास वेळ नाही म्हणून सर्वांना एकत्र बोलावले. प्रत्येकाने रोजची नोंदवही ठेवावयाची आणि ती आठवड्याच्या बैठकीत दाखवावयाची. पुढे त्यांच्या ध्यानात आले की नियमांपेक्षाही रुग्णांचा एकमेकांशी जडलेला स्नेह अधिक काम करतो. आपल्याकडे कोडाच्या बाबतीत पुण्यातील डॉ. माया तुळपुळे यांनी उभी केलेली श्वेता असोसिएशन ही संस्था परिचित आहे. रुग्णांचा स्वमदत गट, कुटुंबीयांशी संवाद आणि कोड असलेल्यांसाठी वधूवर मेळावे हे तिच्या कामाचे स्वरूप. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा चित्रपटही (२००६) कोड असलेल्या तरुण डॉक्टर मुलीचीच गोष्ट सांगतो. प्रतीक्षाकक्षात औषधांचे तक्ते लावण्याऐवजी अशा संस्थेचे पत्रक ठेवले तर ते अधिक उपयोगी पडेल, असे आमचे मत आहे.

आता धोक्याकडे वळू. रुग्ण एकत्र आले की बोलणे व्यवहारावरून औषधावर येण्यास वेळ लागत नाही. “मला अमुक तेलाने गुण आला, तूही लाव.” यामागे हेतू शुद्ध असतो, म्हणूनच तो अधिक घातक ठरतो. वाग्भटाचार्यांनी साध्य व वर्ज्य श्वित्राची लक्षणे सांगितली आहेत. डाग एकमेकांत मिसळलेले नसावेत, नवे असावेत, त्यावरील केस पांढरे नसावेत. तळहात, ओठ व गुह्यभाग येथील श्वित्र मात्र नवे असले तरी वर्ज्य. आजचे त्वचारोगतज्ज्ञही केसाळ जागी, विशेषतः चेहऱ्यावर, रंग लवकर येतो आणि बोटांची टोके व ओठ येथे येत नाही, असेच सांगतात. कारण रंगपेशींचा साठा केसांच्या मुळाशी असतो. तेव्हा गालावरील डाग चार महिन्यांत भरलेल्या बाईने बोटांची टोके पांढरी झालेल्या बाईला आपले औषध सांगितले, तर पहिलीचा अनुभव खरा असूनही दुसरीला तो खोटाच ठरणार. दुसरी मात्र ‘आपले पथ्यच चुकले’ असे मानून स्वतःलाच दोष देते आणि दूध, दही, लिंबू, मीठ असे एकेक सोडीत अंगाने खंगते. असे रुग्ण आमच्याकडे येतात. त्यांना डागाच्या आधी अन्नाकडे परत आणावे लागते.

दुसरा धोका बावचीचाच आहे. बावचीच्या बियांत सोरॅलेन हे द्रव्य असते व ते त्वचेला सूर्यकिरणांविषयी अतिसंवेदनशील करते. गुण येतो तो त्यामुळे, आणि इजा होते तीही त्यामुळेच. चरकाचार्यांनी श्वित्रात काकोदुंबराच्या रसाने स्रंसन करून सूर्यताप घेण्यास सांगितले आहे, आणि डागावर फोड येतात त्यांचेही वर्णन केले आहे. पण ताप ‘यथाबल’ घ्यावा असे म्हटले आहे. एका रुग्णाने दुसऱ्याला दिलेल्या सल्ल्यातून नेमका हाच शब्द गळतो. तेलाचे नाव पोहोचते, उन्हाचे प्रमाण पोहोचत नाही. त्यातून एक फसवी गोष्ट अशी, की या प्रतिक्रियेचा जोर त्याच दिवशी दिसत नाही. त्वचेची लाली बहुधा दोन ते तीन दिवसांनी कळसास जाते. पहिल्या दिवशी काही झाले नाही म्हणून रुग्ण दुसऱ्या दिवशी ऊन दुप्पट करतो, आणि तिसऱ्या दिवशी हातभर फोड घेऊन येतो. श्वित्राची प्रवृत्ती असलेल्या त्वचेला भाजले, खरचटले तर त्या जागी नवा डाग उमटू शकतो. सुश्रुताचार्यांनी अग्निदग्धापासून झालेले श्वित्र असाध्य म्हटले आहे, हे या संदर्भात ध्यानी ठेवावे. पोटात घेतलेल्या बावचीने यकृताला इजा झाल्याची रुग्णवृत्तेही वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेली आहेत. एकाची मात्रा दुसऱ्याने घेण्याजोगे हे द्रव्य नव्हे. तीव्र स्टिरॉईड मलमांची देवघेवही अशीच चालते व त्याने त्वचा पातळ होते.

म्हणून रुग्णांना एकत्र येण्यापासून रोखावे काय? मुळीच नाही. ते बाकावर भेटतात, बसमध्ये भेटतात, आपल्या परवानगीवाचून भेटतात. आपल्या हाती आहे ते एवढेच, की प्रत्येक श्वित्ररुग्णाला पहिल्या भेटीतच एक भेद शिकवावा. ‘मला काय झाले’ हे सांगावे. ‘तू काय घे’ हे सांगू नये. पहिला अनुभव आहे, दुसरे व्यवस्थापत्र आहे. आणि ऐकणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत : तुमचा डाग कोठे होता, किती जुना होता, त्यावरील केस कोणत्या रंगाचे होते? या तीन प्रश्नांनी निम्मे सल्ले आपोआप गळून पडतात, आणि रुग्णाला साध्यासाध्यत्वाचा धडाही मिळतो.

वैद्याने स्वतः असा गट जमविला तर त्याने अध्यक्षाच्या खुर्चीत बसू नये, बाजूला बसावे. तेथे औषध विकू नये. विकले की तो गट राहत नाही, दुकान होते. कोणाचे नाव, गाव, छायाचित्र संमतीवाचून बाहेर जाऊ देऊ नये. जगण्यात अर्थ नाही अशा आशयाचे बोलणे एखाद्याच्या तोंडून आले, तर बैठक संपण्याची वाट न पाहता त्याला बाजूला घ्यावे, घरच्यांना कळवावे व मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. लहान मुलांच्या आईवडिलांना प्रथम मोठ्या रुग्णांत न बसविता दुसऱ्या आईवडिलांशी गाठ घालून द्यावी. सर्वांगावर पसरलेले कोड पहिल्याच दिवशी पाहून ते घाबरतात. कोणाला थकवा, वजनवाढ, आवाज जड होणे अशी लक्षणे असल्याचे बोलण्यात आले, तर थायरॉईडची तपासणी करून घ्यावी, कारण या व्याधीबरोबर तो विकार अधिक आढळतो. अशी माहिती पुष्कळदा वैद्यापुढे न निघता गटातच निघते.

औषधविक्रेत्यांची जागा या साखळीत फार मोक्याची आहे. जो रुग्ण वैद्याकडे जाण्यास लाजतो, तो दुकानाशी येतो. गर्दी ओसरण्याची वाट पाहतो, आवाज खाली आणतो आणि “बहिणीसाठी हवे आहे” म्हणून बावची तेल मागतो. औषधे व चमत्कारी उपाय अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत कोडाचा समावेश असल्याने ते बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात करता येत नाही, हे विक्रेते जाणतातच. गुण आलेल्या गिऱ्हाइकाचे छायाचित्र काउंटरवर लावणे हेही त्याच मोडीत येते. परंतु औषध नियमांच्या ई(१) परिशिष्टातील विषद्रव्यांत भल्लातक, वत्सनाभ, गुंजा आहेत, बावची नाही. त्यामुळे वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना बावचीच्या बाटलीवर सक्तीची नाही. ती सूचना तोंडी द्यावी लागते. तेल कोणी सांगितले, हे विचारावे. ‘शेजारच्या ताईंनी’ असे उत्तर आले, तर बाटली देण्यापूर्वी एवढे सांगावे : आधी एका लहान डागावर लावा, सकाळच्या कोवळ्या उन्हात दोन-तीन मिनिटांहून अधिक थांबू नका, नंतर ती जागा दिवसभर झाका, तीन दिवस वाट पाहा, आणि फोड आला तर तेल बंद करून वैद्याला दाखवा. हे सांगताना आवाज गिऱ्हाइकाइतकाच खाली ठेवावा.