किनाऱ्याची छायाचित्र-वही
(परिसर-अभ्यास : किनाऱ्यावरील शाळांसाठी)

मी किनाऱ्यालगतच्या एका शाळेत शिक्षक असताना गावाने धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी अर्ज केला. ‘समुद्र किती आत आला?’ असा प्रश्न झाला. कोणी वीस हात म्हणाले, कोणी पन्नास. सुरूची झाडे गेली हे सर्वांस ठाऊक होते. केव्हा गेली हे कोणासही सांगता येईना. नोंदीअभावी खरे गाऱ्हाणेही लंगडे पडले. अशी नोंद शाळेस सहज ठेवता येते.

ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या नॅराबीन किनाऱ्याची मोजणी १९७६ पासून नियमितपणे होत आली आहे. परंतु असे मोजमाप सर्वत्र शक्य नसते. म्हणून २०१७ मध्ये न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील संशोधकांनी राज्यशासनाच्या सहकार्याने ‘कोस्टस्नॅप’ हा उपक्रम आरंभिला. किनाऱ्यावर पोलादी खोबण बसवावयाची. येणाऱ्याजाणाऱ्याने तीत मोबाइल ठेवून छायाचित्र काढावयाचे व पाठवावयाचे. जागा व चौकट एकच असल्याने, चित्रातील स्थिर खुणांवरून पाण्याची कड नकाशावर आखता येते.

पाठाची मांडणी

१. जागा : पाण्यापासून दूर, उंच व पक्का कट्टा निवडावा. मोबाइल टेकविण्याची खूण रंगाने करावी. चौकटीत खडक, इमारतीचा कोपरा अशा न हलणाऱ्या दोन-तीन खुणा याव्यात.

२. वेळ : येथेच चूक संभवते. भरतीचे व ओहोटीचे चित्र शेजारी ठेवल्यास किनारा खचल्याचा भास होतो. आपले कोळीबांधव तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात. अष्टमीस ८ × ३/४ = ६, म्हणजे सहाच्या सुमारास भरती व दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. त्या सुमारास भांग असल्याने पाण्याची चढउतारही कमी असते. म्हणून दर अष्टमीस दुपारी बारा वाजता चित्र घ्यावे. हा हिशेब विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावा.

३. नोंद : वहीत दिनांक, तिथी, वेळ व लाटांची स्थिती लिहावी.

४. तुलना : पावसाळ्यातील लाटा वाळू ओढून नेतात, पुढे शांत समुद्र ती बरीचशी परत आणतो. यास्तव मे महिन्याची तुलना ऑगस्टशी न करता पुढील वर्षाच्या मे महिन्याशी करावी.

एका वर्षावरून निष्कर्ष काढण्याची घाई नको. शिक्षकांची बदली होते. वही मात्र शाळेच्या दप्तरात राहावी. पुढे गावास कोणी विचारील, तेव्हा उत्तर देण्यास ती उपयोगी पडेल.