चाकांच्या युद्धनौकेची प्रतिकृती करू इच्छिणाऱ्यांस

लाकडी जहाजांच्या प्रतिकृती करण्याचा छंद ज्यांना जडतो, त्यांपैकी बहुतेकांची सुरुवात शिडाच्या जहाजापासून होते. आणि दोन-तीन गलबते हाताखालून गेली की चाकांची आगबोट म्हणजे त्याच विद्येतली आणखी एक इयत्ता, असा समज मनात नकळत घर करतो. फ्रेंच आरमाराच्या ‘स्फिंक्स’ या युद्धनौकेच्या प्रतिकृतीपायी जो त्रास मला सोसावा लागला, त्याने हा समज समूळ उपटून काढला, आणि तोच त्रास दुसऱ्या कोणाच्या वाट्यास येऊ नये एवढ्याच हेतूने हा मजकूर लिहीत आहे.

‘स्फिंक्स’ ही नौका १८२९ मध्ये, शारांत नदीच्या तीरावरील रोशफोर येथील आरमारी गोदीत पाण्यात उतरली. तिची आखणी झाँ-बाप्तिस्त युबेर या अभियंत्याने केली, आणि तिची १६० अश्वशक्तीची यंत्रसामग्री लिव्हरपूलच्या फॉसेट यांच्या कारखान्यातून आणविली गेली. वाफेच्या बळावर भरवशाने चालणारी अशी फ्रेंच आरमाराची ही पहिली नौका म्हटली पाहिजे. पुढे तिच्याच धर्तीवर अनेक नौका बांधल्या गेल्या. १८३० च्या जुलैमध्ये अल्जिअर्स फ्रेंचांच्या हाती पडल्याचे वर्तमान तुलाँ बंदरात हिनेच पोहोचविले, आणि १८३३ मध्ये लक्सर येथील सुमारे २३० टनांचा पाषाणस्तंभ पोटात घेऊन निघालेल्या, स्वतःचे यंत्र नसलेल्या, सपाट बुडाच्या ‘लुक्सोर’ या जहाजास अलेक्झांड्रियाहून ओढून नेण्याची कामगिरीही हिच्यावरच सोपविण्यात आली. तोच स्तंभ २५ ऑक्टोबर १८३६ रोजी पॅरिसच्या काँकॉर्द चौकात उभा राहिला. मजकूर नौका १८४५ मध्ये अल्जीरियाच्या किनाऱ्यावर फुटून नष्ट झाली. हा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन एवढेच, की जिची सारी कीर्ती तिच्या चाकांच्या कर्तबगारीवर उभी आहे, तिची चाके प्रतिकृतीत शेवटी चिकटवायचे आभूषण म्हणून कोणी समजू नयेत.

मी १:७५ हे प्रमाण धरले. मूळ नौका सुमारे ४६ मीटर लांबीची असल्यामुळे प्रतिकृतीचा सांगाडा ६२ सेंटिमीटरांच्या जवळपास भरतो, आणि घरच्या मेजावर तो बरा मावतो. नकाशांचे मूळ कागद खराब होऊ नयेत म्हणून त्यांच्या प्रती एका दुकानातून काढून घेतल्या होत्या. बाजूच्या दर्शनाचा कागद यथातथ्य उतरला होता. फासळ्यांचा कागद मात्र उभ्या अंगाने किंचित ताणला गेला होता, आणि ही गोष्ट उघडकीस आली ती फळ्या ठोकून, घासून, जहाजाचे पोट पूर्ण बंद झाल्यावर, चाकांचे पेटारे जागेवर धरून पाहताना. एका बाजूचा पेटारा कठड्याशी बसे, तर दुसऱ्या बाजूचा वर तरंगे. आस आरपार घालून पाहिली, तर ती जलरेषेशी समांतर राहीना. शेकडा एक एवढ्या ताणाने ६२ सेंटिमीटरांत सहा मिलिमीटरांचा फरक पडतो, आणि मूळ नौकेच्या मापाने तो जवळजवळ अर्धा मीटर होतो, हा हिशेब करावयास मग कागद-पेन्सिल लागली नाही. सबब, प्रतीवर छापलेली मोजपट्टी स्वतःच्या पोलादी पट्टीशी आडवी आणि उभी अशा दोन्ही अंगांनी पडताळून पाहिल्यावाचून कोणीही एकही फासळी कापू नये.

शिडाच्या जहाजात असा दोष जिरून जातो. डोलकाठी एक केसभर पुढे सरकविली, एखादी फळी तासली, की पाहणाऱ्याच्या दृष्टीस काही येत नाही. चाकांच्या नौकेत ही सवलत नाही. तिची आस दोन्ही कुशी भेदून बाहेर पडते. कण्याशी ती काटकोनात असावी लागते, जलरेषेशी समांतर असावी लागते, आणि ती रेसभर तिरपी झाली तरी एक चाक अधिक बुडते, दुसरे अधर राहते, आणि पेटाऱ्याच्या आतल्या भिंतीस पात्या घासू लागतात. म्हणून कामाचा क्रमच उलटा धरावा. कणा आणि फासळ्या उभ्या होताच प्रत्येक फासळीवर जलरेषा आखून घ्यावी. आस ज्या ठिकाणी येते तेथे आधाराच्या दोन जाड ठोकळ्या आतून बसवाव्या. दोन्ही भोके एकाच वेळी, एकाच सरळ रेषेत पाडावी. आणि त्यांतून सायकलच्या चाकाची नवी, न वाकलेली तार घालून ती फळ्या बसविण्याचे काम संपेपर्यंत तशीच ठेवावी. प्रत्येक फळीनंतर त्या तारेवर गुण्या लावून पाहावा. हे कंटाळवाणे आहे खरे, परंतु पोट बंद झाल्यावर त्यात पटाशी घालण्याचा प्रसंग ज्याने अनुभविला, त्यास हा कंटाळा गोड वाटेल.

चाके करताना प्रत्येक आरा सुटा कापून हातात धरून जोडण्याच्या भरीस पडू नये. प्लायवूडच्या तुकड्यावर चाकाची आकृती चिकटवावी, मध्यभागी बारीक खिळा उभा करावा, परिघावर प्रत्येक आऱ्याच्या टोकाशी दोन-दोन टाचण्या रोवाव्या, आणि त्या चौकटीतच कडी व आरे सांधावे. दोन्ही चाकांची सर्व कडी त्याच एका चौकटीतून निघाली पाहिजेत. दोन चौकटी केल्या की दोन चाके दोन मतांची होतात. पात्या मात्र लाकडाच्याच असाव्या, कारण मूळ चाकांतही लोखंडी आऱ्यांना लाकडी फळ्याच जखडलेल्या असत. अर्ध्या मिलिमीटरची शिवणीची पट्टी तासून, तिच्या कडा पॉलिश पेपरवर एकदाच ओढून, रंग देण्यापूर्वी प्रत्येक पाती जागेवर बसवून पाहावी. रंगाचा थर चढल्यावर ती हटकून अडते.

जलरेषा कोठे मानावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. कोळसा पुरा भरलेला असताना नौका खोल बसते आणि पात्या पाण्यात गच्च बुडून वर येताना पाणीच उचलतात. कोळसा जळत गेला की नौका हलकी होऊन वर उठते आणि पात्यांना पुरेसे पाणी लाभत नाही. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ‘स्फिंक्स’च्याच वर्षी, १८२९ मध्ये, पाण्यात उतरली, तिचीही यंत्रे मिळून १६० अश्वशक्तीचीच होती, आणि १८३० च्या मार्चमध्ये सुएझच्या पहिल्या सफरीस निघताना तिच्यात कोळसा इतका ठासावा लागला की ती पाण्यात फारच खोल बसली. ती हकिगत वाचल्यापासून प्रतिकृतीत मी मध्यम भाराची जलरेषा धरतो, आणि खालच्या दोन-तीन पात्याच तेवढ्या बुडालेल्या दाखवितो. इतरांनीही तसेच करावे असे माझे स्पष्ट मत आहे.

तीन डोलकाठ्या आणि त्यांचे परबाण यांच्या कामात अनुभवी हातास अडचण पडू नये. तथापि दोरखंड ओवण्यापूर्वी धुराडे जागेवर बसवून घ्यावे, म्हणजे एखादी दोरी त्याच्या अंगावरून जात असल्याचे वेळीच ध्यानात येते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांस आणखी एक ताकीद देणे माझे कर्तव्य आहे. पावसाळ्यात आणलेले लाकूड पावसाळ्यात कापू नये. आषाढात चपखल बसलेल्या फळ्यांमध्ये मार्गशीर्षात नख जाईल एवढी फट पडलेली मी पाहिली आहे. आमच्या आळीतले वृद्ध मिस्त्री तर लाकूड आधी आपल्याच घरात दोन ऋतू राहू द्या म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे अक्षरशः पाळावे.

काचेची पेटी करवून घेताना पेटाऱ्यांसकट रुंदी मोजावी, नुसत्या जहाजाची नव्हे. सुतार हमखास कठड्याचीच रुंदी धरून चालतात. पेटीच्या तळाशी सिलिका जेलच्या पुड्या ठेवण्यासाठी एक उथळ खण काढून घ्यावा, आणि पितळी सामानावर पातळ लाखेचा हात आधीच देऊन ठेवावा.