पाणी खारटाकडे का धावते?

लोणचे घालताना कैरीच्या फोडींना मीठ चोळून रात्रभर ठेवतात. सकाळी पाहावे तर पातेल्यात पाणी सुटलेले आणि फोडी आखडलेल्या. ते पाणी कोणी ओतले नाही, ते फोडींतलेच. उलट मनुका साध्या पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात.

झाड असो की माणूस, शरीर बारीक पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशीभोवती अतिशय पातळ पटल असते. त्यातून पाणी ये-जा करते. मीठ-साखर तशी सहज जात नाही. ज्या बाजूला विरघळलेले पदार्थ जास्त, त्या बाजूला पाणी ओढले जाते. त्यासाठी पेशीला शक्ती खर्चावी लागत नाही. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात.

आपल्या बोरगाव-सौंसर-पांढुर्णा भागातील संत्रा बागाइतदारांना याचा हिशेब ठेवावाच लागतो. मुळाच्या पेशीतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट, म्हणून मूळ पाणी घेते. कलमाच्या बुंध्याशी मूठभर युरिया एकाच जागी टाकला, की मातीतले पाणीच दाट होते. मग ओल असूनही मुळाला पाणी मिळत नाही, पानांच्या कडा करपतात. ‘खताने झाड जळाले’ म्हणतात ते हेच. खरे तर ते तहानेने वाळलेले असते. खत बुंध्यापासून दूर, झाडाच्या घेराखाली पसरून, हप्त्याहप्त्याने द्यावे व वर पाणी द्यावे. जास्त पडलेच तर लगेच भरपूर पाणी सोडून ते खाली धुऊन काढावे.

आता लेकरांच्या हगवणीविषयी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी रोग्यांना पाजले. तिथले मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून चारच्याही खाली आले. आतड्याच्या पेशी मीठ व ग्लुकोज जोडीने आत घेतात आणि पाणी त्यांच्या मागे आपोआप जाते. आपल्याकडे सलाईन लावल्याशिवाय उपचार झाला असे वाटत नाही, पण बहुतेक मुलांना हे पाणीच पुरते.

मात्र प्रमाण चुकू देऊ नये. ‘जास्त ताकद येईल’ म्हणून अर्ध्या पाण्यात पुडी कालवली, तर कैरीच्या फोडीसारखे शरीरातलेच पाणी आतड्यात ओढले जाते आणि हगवण वाढते. पुडीवर लिहिले असेल तितक्याच पाण्यात पूर्ण पुडी घालावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्याचमच्याने पाजावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे, उरलेले चोवीस तासांनी फेकावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा; वाटेतही पाजणे थांबवू नये.