गिरमिटाचा कागद

ऊसतोडीला तुमच्यापैकी कोण कोण गेले आहे? आपल्या भागातली पुष्कळ माणसे मुकादमाकडून उचल घेऊन गुजरातेत जातात. हंगाम संपला की कळसाडीला परत येतात. पण उसाच्या कामाला गेली आणि परत आलीच नाहीत, अशीही मराठी माणसे आहेत. ती मॉरिशसला गेली.

मॉरिशस हे हिंदी महासागरातले बेट. आफ्रिकेच्या पूर्वेला आहे. तिथे राज्य इंग्रजांचे, उसाचे मळे बहुतेक फ्रेंचांचे. १८३५ साली तिथली गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. १८३४ पासूनच ते हिंदुस्थानातून माणसे नेऊ लागले होते. सगळी मिळून साडेचार लाखांच्या आसपास गेली. त्यांत बिहारकडची फार. पण मुंबई बंदरातून रत्नागिरी, सातारा भागांतलीही गेली.

जाताना करार व्हायचा. इंग्रजीत त्याला ऍग्रीमेंट म्हणतात. आपल्या लोकांच्या तोंडी त्याचे 'गिरमिट' झाले. पाच वर्षे काम, सुरुवातीला महिना पाच रुपये आणि शिधा. कागदावर काय आहे ते वाचता कुणाला येत होते? निशाणी केली आणि जहाजात बसले. तिथे गेल्यावर कळे की एक दिवस खाडा पडला तर दोन दिवसांची मजुरी कापतात!

बंदरावर कारकून प्रत्येकाला नंबर देई. नाव कानाला लागेल तसे लिही. पुष्कळांचे तेच आडनाव होऊन बसले. मीही हजेरीपटात नावे ऐकूनच लिहिली आहेत. चूक झाली तर आईबाप येऊन सांगत. तिथे सांगणार कोण?

करार संपला तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरालाही फोटोचा पास जवळ बाळगावा लागे. पास नसला की शिपाई धरून नेई. शेवटी १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नराकडे अर्ज केला. तो लिहायला द प्लेवित्झ नावाच्या एका गोऱ्या माणसाने मदत केली. मळेवाले त्याच्यावर फार चिडले. पण १८७२ साली चौकशीला कमिशन आलेच.

१९६८ साली मॉरिशस स्वतंत्र झाले. आज तिथे गणेशचतुर्थीला सरकारी सुटी असते. शाळेत मराठी विषय घेता येतो. घरात मात्र बहुतेक क्रिओल बोलतात.

मोका गावी महात्मा गांधी संस्थेत बंदरावरच्या त्या जुन्या वह्या जपून ठेवल्या आहेत. नातवंडे-पतवंडे तिथे जाऊन आजोबा-पणजोबांचा नंबर शोधतात. वहीत गावाचे नावही असते. पण तेही कारकुनाने ऐकून लिहिलेले. मग ते गाव नेमके कोणते, हे ओळखता ओळखता पुरेवाट होते.