संदिग्ध शब्द आणि दुसऱ्याचा वेळ

नागभीडच्या जंगलपट्ट्यात मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटेच बायामाणसे जंगलात शिरतात, पाने तोडून आणतात, सारे घर बसून 70-70 पानांचे पुडे बांधते आणि मग ते फळीवर मोजून दिले जातात. असे 1000 पुडे झाले की एक गोणी भरते. हंगाम मोजक्या दिवसांचा, आणि ब्रह्मपुरी वनविभागाच्या या जंगलात वाघाचे भय कायमचे.

आता कल्पना करा, मुन्शीने आदल्या दिवशी एवढेच सांगितले : ‘‘उद्या पाने चांगली आणा.’’ चांगली म्हणजे कशी? किती कोवळी चालतील, छिद्राची चालतील काय, मोजणी किती वाजता, हे सांगण्यास दोन मिनिटे पुरली असती. ती वाचविली गेली आणि सायंकाळी निम्मे पुडे बाजूला काढले गेले. एका कुटुंबाचा जिवावर उदार होऊन कमावलेला दिवस गेला. हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हे. हा हुकूकुल-इबादचा, माणसांच्या हक्काचा प्रश्न आहे.

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (अल-बकरह : 282) उधारीचा व्यवहार मुदत ठरवून लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे तीत बजावले आहे. फिक्हनेही काम व मजुरी अज्ञात असलेला मजुरीचा करार सदोष ठरविला आहे.

आणि क्रम? प्रेषितांनी (स.) हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांना यमनला पाठविताना कामांची पायरी लावून दिली : प्रथम एकेश्वरत्वाचे आवाहन, ते मान्य झाल्यावर पाच नमाजा, ते मान्य झाल्यावर जकात. जकात घेताना लोकांचा निवडक उत्तम माल उचलू नये आणि पीडिताच्या हाकेला भ्यावे, हेही त्याच वेळी सांगितले. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. आधी काय, नंतर काय आणि काय टाळावयाचे, हे निघण्यापूर्वीच स्पष्ट होते.

आपल्याकडे मात्र ‘बघू’ म्हणण्याऐवजी ‘इन्शाअल्लाह’ म्हणण्याची सवय जडली आहे. सूरह अल-कहफने तो शब्द उद्याच्या निश्चयाला जोडण्यास शिकविले, टाळाटाळीला नव्हे. गाडी किती वाजता येईल असे कोणी विचारले, तर आधी वेळ सांगावी, मग इन्शाअल्लाह म्हणावे.

तुम्ही ठेकेदार असा वा मुन्शी, या हंगामात फळीवर मोजणीची वेळ व दर पाटीवर लिहून टांगा. वाचता न येणाऱ्यांसाठी शेजारी एक नमुन्याचा पुडा बांधून ठेवा.